अँडीजमधल्या घराला अल्पाका द्यायचा की आधी कुरणाचं बघायचं?

माळरान:
मंडळी, जरा लांबलचक होईल पण बरेच दिवस डोक्यात घोळतंय. मी सध्या अमेरिकेत असतो. आमच्या ऑफिसात दर डिसेंबरला वर्गणी काढतात आणि एका संस्थेमार्फत पेरू-बोलिव्हियातल्या अँडीज डोंगरातल्या शेतकरी कुटुंबांना जनावरं देतात, अल्पाका, लामा (दोन्ही उंटाच्या कुळातली, लोकरीची), मेंढ्या वगैरे. यंदा मी पैसे काढताना थांबलो. कारण याच वर्षी मे-जूनमध्ये मी पेरूतल्या पूनोच्या बाजूला तीन आठवडे राहून आलो, तितिकाका सरोवर आहे 3,812 मीटरवर, त्याच्याही वर, एका अल्पाकावाल्या घरात.

तिथं जनावरं चरतात ते पाणथळ कुरण, त्याला बोफेदाल म्हणतात. पाय ठेवला की गादीसारखं दबतं, गवत असं नाहीच, हिरव्या टणक उशा एकमेकीला चिकटून बसलेल्या आणि मधून बारीक पाणी. घरातली बाई रोज सकाळी टिकाव घेऊन निघायची, पाण्यावरचा बर्फाचा पापुद्रा फोडायची आणि एका चरातलं पाणी दुसऱ्या चरात वळवायची. आपल्याकडे उसाला दारं धरतात ना, अगदी तसंच, फक्त इथं दारं कुरणाला धरतात. तिनं मला लांबचा एक दगड दाखवला, म्हणाली माझ्या लहानपणी हिरवं तिथपर्यंत होतं. आता अलीकडेच संपतं. वरचं हिम आटत चाललंय, जगातल्या उष्ण पट्ट्यातल्या हिमनद्यांपैकी साधारण 70 टक्के एकट्या पेरूत आहेत आणि त्या दिसत दिसत लहान होतायत.

आता याच घराला आणखी दोन अल्पाका दिले तर खाणार काय? माझं मत स्पष्ट आहे, जनावर शेवटी द्या. आधी पाणी अडवा, चर दुरुस्त करा, कुरणाचा एखादा तुकडा कुंपण घालून विश्रांतीला ठेवा, थंडीसाठी छपराचा निवारा बांधा. तुम्हाला काय वाटतं?

बांधावरून:
दादा, तुम्ही राहून आलात, डोळ्यांनी बघितलंत, त्याचा मान आहे. पण मी माणदेशातला, शेळ्या-मेंढ्यांवर घर चाललेलं बघत मोठा झालोय आणि मला तुमचं म्हणणं पटत नाही. जनावर ही गरिबाची बँक. पोराला ताप आला, वहीपुस्तकं घ्यायची आली, घरात कुणी वारलं, की दावणीचं एक सोडायचं नि बाजार गाठायचा. कुरण विकता येतं का? चर विकता येतो का? तुम्ही म्हणता आधी कुरण सुधारा मग जनावर, तोवर त्या बाईनं करायचं काय?

आणि ही कल्पना काय आजची नाही. स्पेनमधल्या यादवीत दूध वाटताना डॅन वेस्ट नावाच्या अमेरिकन शेतकऱ्याच्या मनात आलं की पेला नको, गाय द्या, त्यातून 1944 साली हायफर ही संस्था उभी राहिली. त्यांचा नियम असा की मिळालेल्या जनावराची पहिली मादी पुढच्या घराला द्यायची. म्हणजे घेणारा दुसऱ्या वर्षी देणारा होतो. याच्यात माणसाची मान ताठ राहते हो. तुमच्या चर-कुंपणात इंजिनिअर येतो, मोजमाप करतो, निघून जातो.

वऱ्हाडी कास्तकार:
बांधावरून भाऊ, माणदेशातल्या शेळीचं ठीक आहे, ती काट्याकुट्यावर जगते. आमच्याकडचं ऐका. 2006 मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधान पॅकेज आलं त्यात गायी देणं पण होतं, अन त्या सुमारास आमच्या भागात संकरित गायींचं वारंच होतं. माझ्या मामानं पण एक घेतली. गाय चांगली होती, तिच्यात खोट नव्हती. पण कोरडवाहू गाव, उन्हाळ्यात माणसाला पाणी नाही तर तिला कुठून आणणार, सरकी ढेप विकत, कडबा विकत, मामी स्वतः अर्धपोटी राहून तिला घालायची. शेवटी विकली, घेतली त्याच्यापेक्षा कमीत. तेव्हापासून मी म्हणतो, ज्याच्याकडे चारा नाही त्याला जनावर देणं म्हणजे त्याच्या घरात एक तोंड वाढवणं. माळरान बरोबर बोलून राहिले.

चारापाणी:
मी पशुवैद्यक आहे, शेळीपालनात बरीच वर्षं काढली. तुमच्या दोघांच्या बोलण्यात 'जनावर' हा एकच शब्द फिरतोय आणि घोळ तिथंच आहे. कुठलं जनावर? संकरित गाय हे बाहेरून आणलेलं, त्या रानाचं नव्हे. अल्पाका आणि लामा त्याच डोंगराचे, हजारो वर्षं तिथंच माणसाळलेले. विरळ हवेतला ऑक्सिजन धरून ठेवायला त्यांचं रक्तच वेगळं आहे. पायाला मेंढीसारखा टोकदार खूर नाही, खाली मऊ गादी असते, म्हणून ओलं कुरण कमी तुडवलं जातं. त्यामुळे मामांच्या गायीचा दाखला इथं लागू नाही.

पण बांधावरून, तुमच्या 'पहिली मादी पुढे' याचं गणित अल्पाकाला लावून बघा. गाभणकाळ अकरा महिन्यांच्या वर, एका वेळी एकच पिल्लू, त्यात नर निघण्याची शक्यता निम्मी. आणि पिल्लं जन्मतात डिसेंबर ते मार्च, म्हणजे ऐन पावसात, चिखलात, रात्री पारा गोठणबिंदूखाली. हगवण, न्यूमोनिया, आतड्याचा विषार, मोठ्यांना खरूज. पिल्लू गेलं की ती साखळी तिथंच तुटते. म्हणून मी म्हणेन की पहिला पैसा ना जनावराला ना चराला, तो गावातल्याच दोन पोरापोरींना लसीकरण नि औषधपाणी शिकवायला जावा.

माळरान:
चारापाणी ताई, तुम्ही साखळीचं म्हणालात म्हणून आठवलं. खालच्या खोऱ्यात, जिथं मका होतो, तिथं मी चार दिवस होतो. तिथल्या स्वयंपाकघरात जमिनीवर कुई पाळतात, आपण ज्याला गिनीपिग म्हणतो ते. घरातल्या आजीनं लसूणघासाची पेंढी दारातून आत टाकली आणि चुलीमागून, बाकाखालून, पोत्यांच्या फटीतून वीस-पंचवीस कुई धावत आले, कुई कुई असा एकच कल्ला. त्या आवाजावरूनच नाव पडलं म्हणतात. आजीनं नजरेनंच मोजले आणि एक कमी आहे म्हणाली, खरंच एक चुलीमागे अडकला होता. हे जनावर दोन-सव्वादोन महिन्यांत वितं, एका वेळी दोन-चार पिल्लं, खायला घास नि भाजीची देठं. आणि मुख्य म्हणजे ते बाईचं असतं. नवऱ्याला विचारून विकावं लागत नाही. बांधावरून, तुमची ती बँक बघायची तर ही बघा. पुढच्या घराला मादी द्यायची साखळी इथं तीन-चार महिन्यांत फिरते. म्हणजे जनावराला माझा विरोध नाही, चार हजार मीटरवर आटत्या कुरणात डोकी वाढवायला आहे.

सूतगिरणी:
इचलकरंजीहून लिहितोय, धंदा सुताचा. तुम्ही सगळे चारा, पाणी, औषध बोलताय पण लोकर विकून त्या बाईच्या हातात काय पडतं हे कुणीच विचारलं नाही. जगातले बहुतांश अल्पाका पेरूत, तरी लोकर जाते ती तिथल्या अरेकिपा शहरातल्या मोजक्या मोठ्या गिरण्यांकडे, मध्ये गावोगाव फिरणारा दलाल. तो वजनावर घेतो. बारीक, मऊ, पहिल्या कातरणीची लोकर आणि म्हाताऱ्या जनावराची जाड लोकर एकाच पोत्यात, एकच भाव. मग चांगली पैदास करायची कशाला? आणि गिरणीला पांढरी हवी कारण पांढऱ्यावर कुठलाही रंग चढतो, म्हणून काळे-तपकिरी-करडे अल्पाका कळपातून कमी होत गेले, शेकडो वर्षांचे नैसर्गिक रंग हो. माझं म्हणणं, जनावर पण नको नि चर पण नको, गावात लोकर प्रतीनुसार वेगळी करणारं एक केंद्र द्या आणि दहा-वीस घरांना एकत्र विकायला लावा. भाव मिळाला की चर ते स्वतः काढतील, त्यांना कुणी शिकवायची गरज नाही.

एकत्र येऊन काय होतं त्याचं उदाहरण तिथंच आहे. इक्वादोरमध्ये सालिनास नावाचं साडेतीन हजार मीटरवरचं गाव, लोक मिठागरावर राबायचे. 1970 च्या दशकात एका धर्मगुरूच्या पुढाकारानं सहकारी संस्था सुरू झाली, 1978 मध्ये स्विस माणसाच्या मदतीनं चीजचा कारखाना, आता त्या चीजला देशभर नाव आहे. आमच्या कोल्हापूरकडच्या माणसाला दूधसंघ म्हणजे काय ते सांगायला नको.

माळरान:
सूतगिरणी, पोत्याचं तुम्ही अगदी खरं बोललात. मी राहिलो त्या घरी दलाल आला होता, अंगणात ताणकाटा लटकवला, पोतं टांगलं, काटा हलायचा थांबायच्या आत आकडा बोलला. बाईनं मऊ लोकर वेगळ्या फडक्यात बांधून ठेवली होती, त्यानं ती तिच्या हातातून घेऊन पोत्यातच कोंबली. ती काही बोलली नाही. मला ते अजून सलतंय.

बांधावरून:
हे वाचून वाईट वाटलं. पण आता मी पण एक सांगतो. तुमचं ते आधी चर-पाणी सुधारा वगैरे, त्याचा इतिहास तितिकाकाकाठीच आहे. वारू वारू म्हणून जुनी पद्धत, उंच गादीवाफे आणि मधून पाण्याचे चर, दिवसा पाणी तापतं, रात्री ऊब सोडतं, पिकाला हिमाचा फटका कमी. शेकडो वर्षं पडीक होती. 1980 च्या दशकात पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी तिथल्या वाट्टा गावाजवळ गावकऱ्यांबरोबर प्रयोग केले, बटाटा चांगला आला, मग संस्था धावल्या, मजुरी देऊन वाफे बांधून घेतले. पैसे थांबले तसे बरेचसे वाफे पुन्हा ओस पडले. कारण राबायला माणूस लागतो आणि तरणी पोरं गेली शहरात, हुलियाकाला, अरेकिपाला, नाहीतर ला रिंकोनादाला, पाच हजार मीटरच्या वरच्या सोन्याच्या खाणीत. म्हणून म्हणतो जनावर बरं, ते म्हातारी माणसं पण सांभाळतात.

माळरान:
वारू वारूचं मान्य. मजुरी देऊन बांधलेलं मजुरी संपली की पडतं, हे आपल्याकडच्या बांधबंदिस्तीत पण बघितलंय. पण त्यातून 'शेती सोडा, जनावर धरा' असं निघत नाही, कारण तिथं दोन्ही एकच आहे. बोलिव्हियात उयुनीच्या मिठागराभोवती काय झालं बघा. किन्वाला, म्हणजे तिथल्या राजगिऱ्यासारख्या धान्याला, भाव चढला, 2013 तर किन्वाचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, लोकांनी लामांची कुरणं ट्रॅक्टरनं नांगरली, लामा कमी झाले, लेंडीखत कमी झालं, मोकळी वाळूसारखी माती वाऱ्यावर उडायला लागली. मग पेरूनं सपाटीवर पण किन्वा लावला, भाव कोसळला. ज्यांनी लामा विकले त्यांच्याकडे ना भाव उरला ना खत. लामा एका ठरलेल्या जागी लेंड्या टाकतात, तीच गोळा करून बटाट्याला जाते, वाळलेली चुलीत जाते. जूनच्या कडक थंडीत तेच बटाटे रात्री उघड्यावर पसरतात, सकाळी पायानं तुडवून पाणी काढतात, असं चार-पाच दिवस, मग सुकवलेला चुन्यो वर्षानुवर्षं टिकतो. मी पण तुडवलेत, पायाला मुंग्या येतात. जनावर, खत, बटाटा, थंडी, यातलं काहीच वेगळं काढता येत नाही.

आणि राबायला माणूस नाही म्हणता, तिथं आयनी आहे. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या. आपली इर्जिक. चरांची साफसफाई अजून अशीच होते, पैसे कुणी देत नाही.

वऱ्हाडी कास्तकार:
इर्जिक म्हटल्यावर आजोबा आठवले. आमच्या गावात आता नाही राहिली.

चारापाणी:
माळरान, मग तुमच्या वर्गणीचं काय ठरलं?

माळरान:
पैसे बाजूला काढून ठेवलेत. संस्थेला मेल केलाय, तीन प्रश्न विचारलेत. ज्या घराला देताय त्याच्या कुरणात किती डोकी मावतात ते गावानं ठरवलंय का. लस कोण टोचणार, गावातलं माणूस की शहरातून येणारं. आणि जनावर नोंदणार कुणाच्या नावावर. लोकरीच्या केंद्राचं पण लिहिलंय, सूतगिरणींच्या सांगण्यावरून.

बांधावरून:
प्रश्न चांगले आहेत, उत्तर आलं की इथं टाका. माझं मत मी बदललेलं नाही, पण तो नावावर कुणाच्या हा प्रश्न मी आमच्या इथल्या शेळी गटात पण विचारणार आहे, सगळ्या शेळ्या बाप्यांच्याच नावावर आहेत. फक्त एक करा दादा, उत्तराची वाट बघत फार दिवस पैसे अडकवू नका. ताई म्हणाल्या ना, डिसेंबरपासून पिल्लं व्हायला लागतात. निदान निवाऱ्याच्या पत्र्याचे तरी आधी पाठवा.