वडिलांना मूत्राशयाचा कर्करोग, सूत रंगवण्याच्या कामामुळे? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही सोलापूरचे. अण्णांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ३० वर्षं चादरीचं सूत रंगवलं. वय ६२.

मार्चमध्ये एकदा त्यांना लाल लघवी झाली. दुखणं नाही, जळजळ नाही. इथलं ऊन, म्हणजे उन्हाळी लागली असणार, म्हणून आईने धन्याचं पाणी आणि सब्जा सुरू केला. दोन दिवसांत लघवी स्वच्छ झाली आणि आम्ही विसरून गेलो. ते आता फार लागतं मनाला. जूनमध्ये गुठळ्याच पडल्या. सोनोग्राफीत गाठ दिसली, ती दुर्बिणीतून काढली. कर्करोग आहे, पण स्नायूपर्यंत गेलेला नाही. आता सहा आठवडे, दर आठवड्याला बीसीजी, म्हणजे क्षयाची तीच लस, मूत्राशयात सोडणार आहेत.

डॉक्टरांनी आधी बिडीचं विचारलं. रोज एक बंडल. मग कामाचं विचारलं. अण्णा रंगाची पूड डब्यातून हातानेच काढायचे. नखांच्या कडा कायम निळ्या, राखेने घासल्या तरी तशाच.

दोष बिडीचा की रंगाचा? आणि धाकटे काका अजून तिथेच कामाला आहेत. बिडी ओढत नाहीत, त्रासही काही नाही. त्यांची काय तपासणी करावी?

प्रतिसाद:
दादा, माझ्या सासऱ्यांना हाच आजार होता. एकाच माणसात दोन्हींतलं नेमकं कोणतं, हे सांगता येत नाही. बिडी-सिगारेट हे सर्वांत मोठं कारण. पण धुरात आणि बेंझिडिनपासूनच्या जुन्या रंगांत एकाच जातीची रसायनं असतात, अरोमॅटिक अमाईन. ती लघवीत उतरतात आणि लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठून राहते. रंगकामगारांतला हा रोग लुडविग रेन या जर्मन सर्जनने १८९५ मध्येच नोंदवला होता. आपल्याकडे अशा रंगांवर नव्वदच्या दशकात बंदी आली, पण संपर्कानंतर २०-३० वर्षांनीही गाठ उगवते.

काकांची लघवीची साधी तपासणी करून घ्या, रक्तपेशी आहेत का ते पाहायला. सायटॉलॉजी, म्हणजे लघवीत कर्करोगाच्या पेशी आहेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, लागेल का, ते डॉक्टर ठरवतील. पण कोणत्या खात्यात किती वर्षं काम केलं, हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. रिपोर्ट चांगला आला आणि पुढे कधी एकदाच लाल लघवी झाली, आपोआप थांबली, तरी थेट युरोलॉजिस्टकडे न्या.

अण्णांची बिडी आजच बंद करा. हा रोग परत उलटतो, म्हणून सुरुवातीला साधारण दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून बघतात. बरं वाटतंय म्हणून आमच्याकडे एक तारीख चुकवली होती. तुम्ही चुकवू नका.