शोव्हे गुहेची प्रतिकृती पाहण्यासाठी वालों-पों-दार्कला जावे का?

फोंड्याहून:
येत्या मे महिन्यात आईला घेऊन फ्रान्सला जाणार असून दोन दिवस आर्देश नदीकाठच्या वालों-पों-दार्क या गावी राहावे, असे मनात आहे. त्या गावाजवळच्या शोव्हे गुहेतील सर्वांत जुनी चित्रे सुमारे ३६,००० वर्षांपूर्वीची. मात्र मूळ गुहा पर्यटकांसाठी बंद आहे आणि पाहायला मिळते ती २०१५ साली खुली झालेली प्रतिकृती. आपल्या गोव्यात उसगाळीमळला कुशावती नदीच्या काठी जांभ्या दगडात प्राचीन काळी कोरलेल्या बैलावरून हात फिरवलेल्या माणसाचे तिथे समाधान होईल का? आईचे गुडघेही दुखतात.

मडगावहून:
मीही हीच शंका घेऊन गेलो होतो. सिंहांच्या चित्रासमोर मात्र पाय निघेना. चितारण्याआधी भिंत खरवडून पांढरी केलेली, कोळसा बोटांनी पसरून जबड्याखाली सावली आणलेली आणि खडकाच्या फुगवट्याचाच प्राण्याच्या अंगासाठी उपयोग केलेला, हे सारे प्रतिकृतीतही स्पष्ट दिसते. त्याआधी सकाळीच नदीवरची पों-दार्क ही नैसर्गिक कमान पाहून घ्या. पाण्याने चुनखडकाचा डोंगर कोरून तयार झालेली ही कमान सुमारे ५४ मीटर उंच आहे, आणि मूळ गुहा तिच्या जवळच्याच कड्यात असल्याने चित्रकारांच्या डोळ्यांसमोर कोणता परिसर होता, याची कल्पना तिथेच येते. गावात रेल्वे स्थानक नाही. मोंतेलिमारहून बस किंवा गाडी करावी लागते. प्रतिकृतीचे तिकीट ठरावीक वेळेचे असते, म्हणून ते आधीच काढा. आत गारवा असतो, आईंसाठी शाल ठेवा.

सांगेहून:
उसगाळीमळच्या कोरीवकामावरून हात फिरवू नये, अशी कळकळीची विनंती. पावसाळ्यात नदीचा गाळ त्यावर बसतो, तेवढी झीज त्या दगडाला पुरे आहे. फ्रान्समधलीच चित्रांची दुसरी गुहा, लास्को, १९४० साली सापडली आणि प्रेक्षकांच्या श्वासातील वायू व ओलाव्याने चित्रांची हानी होऊ लागल्याने १९६३ साली बंद करावी लागली. त्या अनुभवामुळेच १९९४ साली सापडलेली शोव्हे गुहा पहिल्यापासून जपली गेली. प्रतिकृतीला मी म्हणूनच दुय्यम मानत नाही.

फोंड्याहून:
आपले म्हणणे पटले, यापुढे हात लावणार नाही. तिकिटे आजच काढतो, कमानीसाठी सकाळ आणि प्रतिकृतीसाठी दुपार.