शेजारच्या शाळेशी खो-खोची खुन्नस

प्रश्न: लेक १४ वर्षांखालच्या संघात आहे. शेजारच्या शाळेशी सामना म्हटला की तिचं जेवणात लक्ष नसतं. काल पळणाऱ्या तिघींच्या पहिल्याच तुकडीत बाद झाली. घरी येऊन दप्तर आपटलं. शहर पातळीवर हरलं की वर्ष संपलंच का?

उत्तर १ (निवृत्त क्रीडाशिक्षक): हो ताई, बाद पद्धत. जिंकलात तर पुणे विभाग, मग राज्य. विभागात सोलापूरच्या पोरी भेटतील. त्या पळणारीला बाद करायला खांबावर सूर मारतात ना, शेजारची शाळा मैत्रीण वाटेल! तिला आधी साखळी पळती, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळणं, पक्की करू द्या. हुलकावण्या नंतर.

उत्तर २: गुडघ्याला पट्टा घेतला का?

प्रश्नकर्ती: घेतला. पण तिला शेजारच्या शाळेतल्या मुलींसारखाच लाल हवा होता!