पेठांचा फुटबॉल नाशिकला हवा की नको?

गोदाकाठ (धागाकर्ता):
कोल्हापूरला कामानिमित्त गेलो असता शाहू स्टेडियमवर स्थानिक लीगचा एक सामना पाहिला आणि त्यावरून हा प्रश्न येथे मांडत आहे: नाशिकमध्ये क्लबांचा फुटबॉल तसा का रुजला नाही, आणि तो रुजवण्याचा प्रयत्न करावा का? माझ्या मते अवश्य करावा.

तेथील व्यवस्था थोडक्यात सांगतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, ही लीग भरवते आणि तीत उतरणारे अनेक संघ पेठांतील तालमींचे व तरुण मंडळांचे आहेत: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कुस्ती बहरलेल्या या शहरात तालमींनी पुढे फुटबॉलही आपलासा केला, आणि आज गणेशोत्सवाची वर्गणी मागणारे कार्यकर्तेच संघासाठीही पदरमोड करतात. लीग संपली की बाद पद्धतीच्या चषक स्पर्धा सुरू होतात, त्यामुळे हंगाम पार उन्हाळ्यापर्यंत चालतो.

मला सर्वाधिक भावला तो प्रेक्षक. शेजारी बसलेले टोपीवाले आजोबा खेळाडू ओळखताना जर्सीचा क्रमांक सांगतच नव्हते. ‘हा आमच्या बोळातला’, ‘ह्याचा चुलता गोलकीपर होता’ अशी त्यांची ओळख करून देण्याची रीत होती. कॉर्नर घ्यायला कोणी वेळ लावला की खालच्या पायरीवरून त्याच्या नावाने हाक जायची आणि तो खेळाडू मान वर करून पाहायचा.

जुन्या नाशकातही तालमी आहेत, रंगपंचमीला रहाडी, म्हणजे रंगाचे दगडी हौद, उघडणारे चौक आहेत, आणि आपल्या ढोलपथकांचा तर आपण गावभर अभिमान सांगतो. एवढी माणसे जमवणाऱ्या मंडळांनी अकरा मुलांचा संघ का उभा करू नये?

इंदिरानगरची पालक:
आपण केलेले वर्णन वाचनीय आहे. मात्र आपण एक सामना पाहिला आहे, हंगाम पाहिलेला नाही. याच पेठाभिमानातून समर्थकांच्या हाणामाऱ्या आणि दगडफेक झाल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत, आणि त्यापायी स्पर्धा थांबवण्याची वेळ आल्याचेही वाचले आहे. नाशकात मंडळामंडळांतील चढाओढ मिरवणुकीपुरती आहे तेवढी पुरे. तिला दर आठवड्याचे निमित्त कशाला द्यावे?

दुसरे असे की, माझी मुलगी अकादमीत खेळते. तिला प्रशिक्षक आहे, ठरलेली वेळ आहे, आणि तिच्याबरोबर मुलेही सराव करतात. तालीम मंडळाच्या दारात ती कोणत्या नात्याने उभी राहणार? आपल्या संपूर्ण लेखात मुलींचा उल्लेखही नाही, हे मला सूचक वाटते.

खेळाडू घडण्याचे म्हणाल तर, 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा खरा, परंतु त्याची पुढची तयारी पुण्यातील अकादमीत झाली. तालमीने त्याला टाळ्या दिल्या, प्रशिक्षण दिले ते इतरांनी.

मूळ मंगळवार पेठ, मुक्काम सातपूर:
ताई, आमच्या कोल्हापूरकडचे दोष नाकारत नाही. ईर्ष्येपायी घाना-नायजेरियाचे खेळाडू पैसे मोजून आणले जातात आणि पेठेतला पोरगा बाकावर बसतो, हे मलाही पटत नाही. पण टाळ्या दिल्या एवढेच, हे म्हणणे अन्यायाचे आहे. दहा-बारा वर्षांच्या पोराला आपण पुण्याला जावे, हे सुचते कशाने? त्याने आपल्या गल्लीतल्या माणसासाठी भरलेले स्टेडियम ओरडताना ऐकलेले असते. अकादमी पुढची पायरी आहे. तिथपर्यंत पोराला आणून सोडणारी चटक पेठ लावते.

धागाकर्त्यांनाही एक सांगतो. आमचे स्टेडियम भर शहरात आहे, पेठांतून माणूस चालत येतो. ते मैदान तुमच्या पाथर्डी फाट्याच्या पलीकडे असावे तसे शहराबाहेर असते तर तुमचे आजोबा तुम्हाला भेटलेच नसते. शिवाय तालमींच्या पाठीशी संस्थान होते. ते नाशिकला कुठून आणणार?

देवळाली कॅम्पवाले:
खरी अडचण मैदानाची आहे आणि तिच्याकडे दोन्ही बाजूंचे दुर्लक्ष होत आहे. गोल्फ क्लबचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान रणजी सामन्यांमुळे क्रिकेटचे म्हणूनच ओळखले जाते, तेव्हा फुटबॉलप्रेमी तासाचे पैसे भरून जाळीबंद टर्फवर, म्हणजे कृत्रिम हिरवळीच्या छोट्या मैदानावर, जातात. तेथे चेंडू जाळीला आपटून परत पायात येतो आणि ऑफसाइड, म्हणजे बचावफळीच्या पलीकडे आधीच उभे राहून चेंडू घेण्यास मनाई करणारा नियम, बहुधा पाळतच नाहीत. अशा खेळात वाढलेला बचावपटू 105 मीटर लांबीच्या मैदानावर उतरला की बचावफळी कधी पुढे सरकवायची हेच त्याला उमगत नाही, आणि दूरवरून आलेल्या उंच चेंडूखाली तो गडबडतो. पूर्ण मापाचे मैदान आठवड्यातून दोन संध्याकाळी जरी फुटबॉलला राखून मिळाले, तरी क्लब की अकादमी हा वाद निम्मा मिटेल.

इंदिरानगरची पालक:
मैदानाबाबत पूर्ण सहमत. परंतु नाशिकची आजवरची कमाई पाहा. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवणारी कविता राऊत आदिवासी पाड्यावरून आली आणि नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर घडली. तिच्यामागे ना पेठ होती ना चषक, होता तो एक प्रशिक्षक आणि रोजचा सराव. चांदवड तालुक्यातील दत्तू भोकनळ यांनी तर वल्हे सैन्यात गेल्यावर हाती घेतले आणि 2016 चे रिओ ऑलिंपिक गाठले.

गोदाकाठ (धागाकर्ता):
दोघांविषयीही नितांत आदर आहे. पण धावणे आणि वल्हवणे यांत घड्याळाशी स्पर्धा करून माणूस बराच पुढे जाऊ शकतो. फुटबॉलला समोर अकरा माणसे लागतात, तीही बरोबरीची आणि वारंवार. अकादमीतील मुलगा दहावीपर्यंत खेळतो, मग क्लास सुरू होतात आणि बूट माळ्यावर जातात. वीस-पंचविशीतील ज्या तरुणाला देशासाठी खेळायचे नाही, फक्त चांगले खेळायचे आहे, त्याला नाशकात नियमित लीग कोठे आहे? कोल्हापुरात नोकरी करणारा माणूसही सराव चुकवत नाही, कारण चुकवला तर चहाच्या टपरीवर जाब द्यावा लागतो. संस्थानाचा आश्रय आपल्याला नाही हे मान्य, परंतु आज तेथील चषकांमागेही पुढारी आणि व्यापारीच आहेत, आणि त्यांची आपल्याकडे वाण नाही.

इंदिरानगरची पालक:
पुढाऱ्यांच्या फलकांसाठी मैदान हवे असेल तर प्रश्नच मिटला! तरीही एक सुचवते. नोंदणी करणाऱ्या प्रत्येक मंडळाने मुलींचा संघ उतरवलाच पाहिजे आणि पहिली काही वर्षे पैसे देऊन शहराबाहेरचा खेळाडू आणता येणार नाही, असा नियम लेखी होणार असेल तर मी माझा विरोध मागे घेईन.

गोदाकाठ (धागाकर्ता):
मुलींच्या संघाची अट आनंदाने मान्य. दुसरी मात्र जशीच्या तशी नको. पैशाची बंदी राहू द्या, पण मालेगाव, मनमाड, इगतपुरीचा मुलगा रोज लोकलसारखा ये-जा करून खेळायला तयार असेल तर त्याला बाहेरचा म्हणू नका.

मूळ मंगळवार पेठ, मुक्काम सातपूर:
बाहेरचा कोण, यावर आमच्याकडे संघटनेच्या बैठकाच्या बैठका होतात. तुमच्याकडे संघाआधीच वाद सुरू झाला, म्हणजे फुटबॉल आला म्हणायचा.

इंदिरानगरची पालक:
इगतपुरी चालेल. पण शाळेचा दाखला पाहून.