मणक्याच्या दुखापतीचे रुग्ण पेनिसिलिनमुळे वाचले का? (भित्तिपत्रकासाठी माहिती हवी)

निपाणी_वाचक
३ डिसेंबरच्या अपंग दिनाला वाचनालयात भित्तिपत्रक लावायचं आहे. विषय ठरलाय तो मणक्याला मार बसून कमरेखालून लुळ्या पडलेल्यांच्या पुनर्वसनाचा इतिहास. आमच्याकडच्या टिपणात असं आहे की दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन आलं आणि असे रुग्ण जगू लागले. हे बरोबर आहे का? आपल्या भागात उसाच्या ट्रॉलीवरून, नारळाच्या झाडावरून पडून किंवा दुचाकीच्या अपघातात मणका मोडलेली माणसं गावोगाव आहेत. त्यामुळे नुसती सनावळी नको, घरच्यांना उपयोगी पडेल असंही सांगा.

मज्जारज्जू
ते वाक्य भिंतीवर लावू नका. पेनिसिलिनचा हातभार आहेच, पण ही माणसं मणका मोडल्यानं मरत नव्हती. माकडहाडावरच्या, टाचांवरच्या जखमा सडायच्या, नाहीतर लघवी तुंबून जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचायचे. पहिल्या महायुद्धातले बहुतेक असे सैनिक याच दोन वाटांनी गेले. औषध जंतू मारतं, जखम होऊ न देणं हे हातांचं काम.

लुडविग गुटमान हा ज्यू मज्जातंतूतज्ज्ञ नाझी जर्मनीतून १९३९ मध्ये इंग्लंडला आला. १ फेब्रुवारी १९४४ ला स्टोक मँडव्हिल इथे त्यानं मणक्याच्या रुग्णांचा कक्ष सुरू केला. मोडलेला मणका हलू नये म्हणून तेव्हा रुग्णाला प्लास्टरच्या साच्यात घालून पाठवत. खालच्या अंगाला जाणीवच नाही, त्यामुळे प्लास्टर कुठं रुततंय ते रुग्णाला कळायचं नाही, आणि साचा काढला की आत हाडापर्यंत खड्डा. गुटमाननं हे साचे बंद केले आणि दर दोन तासांनी कुशी बदलायचा नियम घातला. रात्री दोनला, चारलासुद्धा, आणि त्यासाठी माणसांची वेगळी तुकडी. तुम्ही-आम्ही झोपेत नकळत कूस बदलतो. लुळ्या अंगाला ते जमत नाही, आणि हाड व गादी यांच्यामध्ये चिमटलेल्या कातडीचं रक्त तुटतं. इतकी साधी गोष्ट, पण ती रोज रात्री पाळायला माणसं लागतात.

लघवीचंही तसंच. ओटीपोटाला भोक पाडून कायमची नळी बसवायची पद्धत त्यानं सोडली. ठराविक वेळानं नळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, नळी काढून घ्यायची.

बी_वॉर्ड
एक दुरुस्ती. सगळं श्रेय गुटमानला देऊ नका. बोस्टनमध्ये डोनल्ड मन्रोनं १९३६ मध्येच असा वेगळा कक्ष काढला होता. शिवाय गुटमानची नळी पूर्ण निर्जंतुक, सुरुवातीला डॉक्टरच घालायचे. तसं घरी कोण करणार? ती गाठ सोडवली अमेरिकेतल्या जॅक लॅपिडीसनं, १९७२ मध्ये. त्याचं म्हणणं असं की, मूत्राशय फुग्यासारखं ताणलं की भिंतीतलं रक्त कमी होतं आणि मगच जंतू जोर धरतात. म्हणून निर्जंतुकपणापेक्षा वेळेवर रिकामं करणं मोठं. साबणानं हात धुवून, स्वच्छ नळीनं, रुग्णानं स्वतः करायचं.

घरासाठी हिशेब: दिवसातून ४ ते ६ वेळा, एका वेळी ५०० मिलीच्या आत निघायला हवी. सतत जास्त निघत असेल तर दोन वेळांमधलं अंतर कमी करा. रुग्णाचं पाणी तोडू नका. बाहेर जायचंय म्हणून दिवसभर पाणी न पिणं ही नेहमीची चूक, त्यानं लघवी घट्ट होते आणि खडे धरतात.

आणि हे ठळक अक्षरात लिहा. मार छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर असेल, आणि अचानक डोकं फुटेल असं दुखलं, तोंड लाल होऊन घाम फुटला, तर ते पित्त नव्हे. बहुतेकदा मूत्राशय तुंबल्यानं रक्तदाब चढलेला असतो. गुटमान आणि व्हिटरिज यांनी १९४७ मध्ये हे मांडलं. आधी रुग्णाला ताठ बसवा, आडवं करू नका. कपडे, पट्टे सैल करा. नळीला पीळ पडलाय का, पिशवी भरलीय का बघा. तिथं काही सापडलं नाही तर शौच तटलेलं असू शकतं. लगेच उतरलं नाही तर दवाखाना. या रुग्णांचा रक्तदाबाचा वरचा आकडा एरवीच ९० ते ११० असतो, त्यामुळे १४० दिसला तरी तो त्यांच्यासाठी धोक्याचा, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

निपाणी_वाचक
हे उत्तम झालं. आणखी एक. हवेची गादी घेतली की वळवायला लागत नाही, आणि जागा लाल झाली की खोबरेल चोळायचं, असं इथं सर्रास सांगतात. लिहू का?

मज्जारज्जू
दोन्ही नको. हवेची गादी दाब कमी करते, संपवत नाही. वीज गेली की ती बसते, आणि पावसाळ्यात आपल्याकडं वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. लाल जागेवर बोट दाबा. बोट काढल्यावरही लालीच राहिली, पांढरं पडलंच नाही, तर आत इजा सुरू झालीय. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, मग जागा गरम किंवा कडक लागते का ते हातानं बघायचं. तिथं चोळलं तर दुबळी झालेली कातडी आणखी फाटते. त्या कुशीवर झोपवायचंच नाही, एवढाच उपाय. टाचेसाठी पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. मध्ये भोक असलेलं रबरी कडं अजिबात नको, त्याची कडाच भोवतालचं रक्त अडवते.

चाकं_आणि_चळवळ
वरच्या सगळ्यात डॉक्टरच डॉक्टर आहेत. पण १९४६ मध्ये अमेरिकेत लुळ्या पडलेल्या सैनिकांनी स्वतःची संघटना काढली, ती कुठल्या डॉक्टरनं काढून दिली नव्हती. गुटमाननं २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्यातूनच पुढं पॅरालिंपिक उभं राहिलं. पण त्याच्या वॉर्डात शब्द त्याचाच चालायचा. 'अडचण आमच्या शरीरात नाही, जिन्यात आहे' हा विचार अपंगांकडूनच आला. त्याला 'सामाजिक प्रारूप' हे नाव १९८३ मध्ये देणारा माइक ऑलिव्हर स्वतः मानेच्या दुखापतीचा होता.

आपल्याकडं: खडकीची क्वीन मेरीज संस्था अपंग सैनिकांसाठी १९१७ पासूनची, आणि तिथलं पॅराप्लेजिक (कमरेखालून लुळ्या पडलेल्यांचं) केंद्र १९७४ चं. वेल्लोरला डॉ. मेरी वर्गीस यांनी १९६६ मध्ये पुनर्वसन संस्था उभी केली. १९५४ च्या अपघातानंतर त्या चाकाच्या खुर्चीत बसूनच शस्त्रक्रिया करत. पलीकडच्या सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्ण घेऊन आले. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी खुर्चीत बसून 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. निपाणीहून कोल्हापूर किती लांब? हे नाव आधी लावा, गुटमान नंतर.

चिरेबंदी
मी फक्त खुर्ची, उतार आणि कागद यांचं सांगतो.

शिबिरात मिळणारी खुर्ची बहुतेक एकाच मापाची, बैठक १८ इंच. बारीक माणसाला ती ऐसपैस होते, तो एका बाजूला कलतो आणि त्याच बाजूच्या बसायच्या हाडावर जखम होते. बसल्यावर ढुंगणाची जी रुंदी भरते तिच्यापेक्षा इंचभर जास्त, एवढीच बैठक हवी. पायटे (पाय ठेवायच्या फळ्या) उंच बसवले तर गुडघे वर येऊन सगळं वजन ढुंगणावर जातं. गादीशिवाय खुर्ची म्हणजे अर्धी खुर्ची. आणि दर १५ ते ३० मिनिटांनी पुढं वाकून किंवा हातांवर उचलून दाब सोडायचा, दोनेक मिनिटं.

उताराचं प्रमाण १ ला १२. अडीच फूट जोत्याला ३० फूट उतार! अंगणात जागा नसेल तर भिंतीलगत नेऊन वळवा, वळणावर पाच फूट सपाट जागा ठेवा. गवंडी म्हणतो दहा फुटांत बसवतो. बसेलही, पण खुर्ची मागं उलटेल. खानापूरकडच्या पावसात जांभ्यावर आणि घोटीव सिमेंटवर शेवाळ धरतं, म्हणून ओल्या सिमेंटवर आडवा झाडू ओढून खरबरीत करा.

कागद: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) देशभर चालतं, पण पेन्शन राज्याची. आपली, म्हणजे कर्नाटकाची, नाडकचेरी या महसूल कार्यालयातून होते. अर्ज कन्नडमध्ये असतो, त्यात 'विकलचेतन' म्हणजे दिव्यांग. पंचायतीतल्या ग्राम पुनर्वसन कार्यकर्त्याला सोबत घ्या, फेरे वाचतात. उपचार कोल्हापूर-मिरजेला झाले असतील तर डिस्चार्जचे कागद जपा, प्रमाणपत्राच्या तपासणीला ते मागतात.

२०१६ च्या कायद्यात सार्वजनिक इमारत म्हणजे फक्त सरकारी कचेरी नव्हे. लोक जातात ती खासगी जागाही, देऊळ आणि वाचनालय धरून. तुमच्या वाचनालयाला पायऱ्या किती?

निपाणी_वाचक
तीन. सहा-सहा इंचांच्या.

चिरेबंदी
म्हणजे १८ फूट उतार. आणि भित्तिपत्रकाचा मधला भाग जमिनीपासून ४ फुटांच्या आत येऊ द्या. खुर्चीतल्या माणसाची नजर तेवढ्यावरच असते.