मदत हवी: स्मिथ संख्यांचा नियम ४४३ ला येऊन काऊन तुटला?

राम राम मंडळी. नागपुरात सध्या दुपारी बाहेर निघायची सोय नाही, म्हणून कूलरसमोर वही घेऊन आकडेमोड करत बसतो, बायको म्हणते त्यापेक्षा कूलरमध्ये पाणी भरा. तर गणितज्ञ कापरेकरांच्या हर्षद संख्या (स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या) पाहता पाहता स्मिथ संख्यांवर येऊन पोचलो. मूळ नसलेली संख्या घ्यायची, तिच्या अंकांची बेरीज करायची, मग मूळ अवयव पाडून त्यांच्या अंकांची बेरीज, दोन्ही सारख्या आल्या की झाली स्मिथ. जसं ८५ म्हणजे ५ × १७, इकडे ८+५=१३, तिकडे ५+१+७=१३. विलान्स्की नावाच्या गणितज्ञाला १९८२ मध्ये मेहुण्याच्या फोन नंबरात ही गंमत दिसली म्हणून मेहुण्याचं आडनाव दिलं. (माझ्या मेहुण्याच्या नंबरात काहीच निघालं नाही, पाहिलं मी.)

आता अडचण. मी फक्त २ × मूळ संख्या एवढ्याच घेतल्या. अशी संख्या स्मिथ असायची तर त्या मूळ संख्येला ९ ने भागून बाकी २ उरलीच पाहिजे, इथवर माझं मीच काढलं. मग अशा मूळ संख्या तपासत सुटलो, २, ११, २९, ४७, ८३ करत ३८९ पर्यंत, पंधराच्या पंधरा पास! म्हटलं नियमच सापडला. आणि मग आली ४४३. बाकी २, मूळ पण आहे, पण दुप्पट ८८६ ची बेरीज २२ आणि अवयवांची २+४+४+३=१३. तीनदा करून पाहिलं. पुढे ४६१, ४७९ परत पास. हिनेच काऊन घोळ केला, कोणी शाळेच्या भाषेत सांगा ना भाऊ, झोप नाही येऊन राहिली.

प्रतिसाद:
भाऊ, बाकी २ लागतेच, पण तेवढ्याने भागत नाही. त्यातून एवढंच कळतं की दोन बेरजांतला फरक ९ च्या पटीत आहे, तुमचे २२ आणि १३ बघा. खरा खेळ हातच्याचा. दुप्पट करताना अंक ५ किंवा मोठा असला की १० जातात आणि हातचा १ येतो, म्हणजे बेरीज ९ ने घटते. ३८९ ची बेरीज २०, दुप्पट ४०, ८ आणि ९ चे दोन हातचे म्हणून १८ गेले, उरले २२, आणि तिकडे २+२०. जुळलं. ४४३ मध्ये हातचा येतच नाही, ११ चे सरळ २२. थोडक्यात मूळ संख्येच्या अंकांची बेरीज २ + ९ × हातचे एवढी पाहिजे. ५६९ करून बघा, ती पण पडते, पण उलट्या कारणाने.

मूळ धागाकर्ता:
आईशप्पथ, हातचा! दुसरीत शिकलो होतो. ५६९ ला तीन हातचे, म्हणजे बेरीज २९ हवी आणि आहे २०. आणि आधीच्या पंधरा काऊन वाचल्या तेही कळलं: ४४३ च्या आधी अंकांची बेरीज ११ पण हातचा नाही अशा फक्त ३४४ आणि ४३४, दोन्ही सम. बेरीज ११ पण हातचे दोन अशा म्हणजे ५६, ६५, १५५, त्यातही मूळ एक नाही. एक राहिलं, ३ × मूळ संख्या अशी एकही सापडून नाही राहिली, तिथेही हातचाच का?

प्रतिसाद:
नाही, ती नवाच्या बाकीतच मेली. तिथे मूळ संख्येची बाकी ६ लागते, म्हणजे तिला ३ ने भाग जातो, मग ती मूळ कुठली! आता कूलरमध्ये पाणी भरा.