पहारवाले काका, आणि तुमच्या गल्लीतले असे कोण? (अनुभव धागा)

वाफाळता_चहा

काल संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर पाणी तुंबलं. फार नाही, घोट्याएवढं. वॉचमन, मी आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक जण छत्र्या धरून उभे, आणि तिघांनाही पत्ता नाही की हे पाणी एरवी जातं कुठे. अकरा वर्षं राहतेय इथे कासारवडवलीला. पाणी येतं कुठून ते माहितीये, त्याचं बिल भरते. जातं कुठे?

त्यावरून 26 जुलै 2005 आठवला. तेव्हा आम्ही ठाण्यात वंदना टॉकीजजवळच्या चाळीत. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर वगैरे आकडे नंतर कळले. त्या दुपारी एवढंच कळत होतं की गॅसवरचा कुकर उचलून माळ्यावर ठेवायचाय आणि आजीला वर कसं न्यायचं. तळमजल्यावरचे एक काका, रिटायर्ड, मितभाषी. ते खाकी हाफपँट घालून हातात लोखंडी पहार घेऊन बाहेर पडले. पाणी मांडीपर्यंत, गढूळ, खालचं काही दिसत नाही. पानवाल्याच्या पायरीला पाठ लावून उभे राहिले आणि पावलं मोजत पुढे गेले. सतरा. मग पहार खाली ठोकत ठोकत बरोब्बर गटाराचं झाकण शोधलं. दोन पोरांना हाताशी घेऊन ते सरकवलं, आत हात घालून दुधाच्या पिशव्यांचा गोळा आणि गादीचा एक तुकडा ओढून काढला. पाणी गोल फिरायला लागलं ते अजून डोळ्यांपुढे आहे.

पण खरी गोष्ट पुढेच. झाकण उघडं, आणि पाण्यात ते दिसणार कोणाला? म्हणून काका तिथेच उभे राहिले. पहार उभी धरून, टोकाला काकूंचं लाल पोलकं बांधून. रात्री नऊपर्यंत. माझा भाऊ त्यांना फुलपात्रातून चहा देऊन आला. आम्ही वरच्या गॅलरीतून हसत होतो, लाल पोलक्याला.

तर तुमच्याकडे असं कोण होतं किंवा आहे? गल्लीनं, सोसायटीनं, गावानं मिळून काही केलं असेल तर लिहा. फसलेलंसुद्धा चालेल. भाषणं नकोत.

नौपाडेकर

वंदना!! कुठली चाळ? आम्ही समोरच्या बाजूला. हे काका मला आठवतात बहुतेक. सकाळी कचराळी तलावाला फिरायला जायचे का?

वाफाळता_चहा

तेच तेच! हातात कायम दुमडलेली पिशवी.

नौपाडेकर

बरोबर. मला एकदा पतंग काढताना पत्र्यावर बघून असला दम दिला होता. जाऊ दे. चाळ गेली ना आता, टॉवर झाला.

नियमावली

आठवण छान आहे पण एक सांगतो, कृपया कोणीही पाण्यात झाकणं उघडू नका. 2017 च्या ऑगस्टच्या पावसात मुंबईत उघड्या मॅनहोलमध्ये जीव गेलाय. काका उभे राहिले म्हणून ठीक. बाकीचे उघडतात आणि घरी जातात.

वाफाळता_चहा

हो, म्हणूनच ते नऊपर्यंतचं लिहिलं.

करावेकर

ताई, पाणी जातं कुठे हा प्रश्न आमच्या आज्याला विचारला असता तर त्याने तुम्हाला वेड्यात काढलं असतं.

मी करावे गावचा, आगरी. आता गावाभोवती सगळे सेक्टर आणि टॉवर दिसतात. 1970 ला सिडको (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) आली त्याच्या आधी इथे खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली भातशेती, मिठागरं आणि खाडी. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून खाडीच्या कडेने मातीचा बांध, आणि बांधाला उघाडी. उघाडी म्हणजे लाकडी दार. भरती बाहेरून ढकलते तेव्हा ते आपोआप बंद होतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं. पंप नाही, वीज नाही.

भानगड चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची. त्या बांधाला बिळं पाडतात, बिळातून पाणी पाझरतं आणि उधाणाला बांध फुटतो. त्याला खांड पडली म्हणायचं. खांड एकाच्या शेताजवळ पडते पण खारं पाणी सगळ्यांच्या शेतात पसरतं, आणि मग पुढची दोनतीन वर्षं भाताचं काही खरं नाही. म्हणून थाळी वाजली की घरटी एक माणूस निघायचा. रात्र असो, पाऊस असो, भावकीत भांडण असो. माझे वडील दहाबारा वर्षांचे असताना त्या कामाला गेलेत. चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायचे, मध्ये पेंढा दाबायचा. वडील सांगतात की शेजारी उभा असलेला चुलता आणि आजा तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हते. गोळा मात्र याच्या हातातून त्याच्या हातात. काम झाल्यावर परत अबोला, पुढे सहा वर्षं.

आणि घड्याळ कोणाकडे होतं? आजा म्हणायचा, "पानी कवा येल ते चंद्राला इचार." तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा. दोन्ही पक्षांना लागू. थोडं इकडेतिकडे होतं, खाडीत आत गेलात की अजून जरा उशिरा.

सुगरण_नाही_मी

थांबा थांबा, हे पाऊणपटचं खरंय?? सप्तमीला सव्वापाच?

करावेकर

हो. कॅलेंडर घरात आहे ना, करून बघा.

माहेर_अलिबाग

आमच्या शहापूर-धेरंडकडे या सामाईक बांधाच्या कामाला जोळ म्हणतात. वाचून अंगावर काटा आला. माझ्या मामाच्या पायाला चिंबोरीच्या नांगीची खूण होती, तो ती पाहुण्यांना दाखवायचा, फोटो अल्बम दाखवतात तशी. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

चौदा_शून्य_तीन

आमचं फसलेलं घ्या.

घोडबंदरची सोसायटी, 140 फ्लॅट. ओला कचरा इथेच जिरवायचा ठरलं. मीटिंगमध्ये टाळ्या. निळी पिंपं आणली, भोकं पाडली, कचरा टाकायला सुरुवात. दहा दिवसांत तळमजल्याच्या लोकांनी खिडक्या बंद केल्या. विसाव्या दिवशी अळ्या. नुसत्या अळ्या नाहीत, चालणाऱ्या अळ्या. पार्किंगमधून जिन्यापर्यंत, आणि तिथून सेक्रेटरींच्या दारात, कारण सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर. त्यांनी त्याच रात्री ग्रुपवर राजीनामा दिला. मराठीत, चार परिच्छेद.

वाचवलं आमच्याकडे झाडूकाम करणाऱ्या मावशींनी. त्या म्हणाल्या, "नुसतं ओलं ओलं घालताय, उकिरडा तरी असा करतात का?" त्या रोज पालापाचोळा झाडून पोत्यात भरून गेटबाहेर ठेवत होत्या, आणि आम्ही तो उचलायला पैसे देत होतो. मग एक बादली ओला कचरा, एक बादली सुका पाला, असे थर. वरून आंबट ताक आणि गूळपाणी. मूठभर उचलून दाबलं तर फार तर एखादा थेंब यावा, धार आली तर अजून पाला. आठवड्यात वास गेला. त्या अळ्या पण निरुपद्रवी निघाल्या, काळ्या सोल्जर माशीच्या, उलट कचरा भराभर खातात. दीडदोन महिन्यांनी जे खत निघालं त्याला पहिल्या पावसात मातीला येतो ना तो वास.

सेक्रेटरी परत आले नाहीत. मावशींचा पगार वाढवावा हा ठराव तीन मीटिंगा पुढे ढकलला गेलाय, तेही लिहून ठेवतो.

सुगरण_नाही_मी

चार परिच्छेद 😂😂 पोस्ट करा ना राजीनामा

नौपाडेकर

मावशींना सेक्रेटरी करा.

मिनी_सीशोर

वाशीत जन्म, वाशीतच आहे. करावेकर, तुमच्या आज्याची उघाडी अजून आहे, फक्त सिमेंटची झाली. आमच्या शहराचा बराच भाग उधाणाच्या पातळीच्या खाली आहे, म्हणून धारण तलाव केलेत. भरतीला झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत. कल्पना तीच. पण आता तलावात गाळ इतका झालाय की पाणी थांबणार कुठे? आणि गाळावर खारफुटी उगवली, ती काढायची तर उच्च न्यायालयाची परवानगी. खारफुटी तोडायला बंदी घालणाऱ्या 2018 च्या निकालानंतर तर जास्तच कडक. मी पर्यावरणवाली आहे पण माझ्या बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये पाणी येतं तेव्हा मला त्या झाडांबद्दल काय वाटतं ते इथे लिहीत नाही.

गमबूट_नंबर_नऊ

लिहा हो, भाषणं नकोत एवढंच म्हटलंय.

मी दुसऱ्या बाजूचा. आम्ही दहाबारा जण महिन्यातून एका रविवारी खाडीकाठी खारफुटीतला कचरा काढतो. ओहोटी बघून जावं लागतं (आता पाऊणपट वापरणार!). तिवराच्या मुळ्या चिखलातून वर पेन्सिलीसारख्या उभ्या येतात, झाड त्यातून श्वास घेतं. त्यावर प्लास्टिकचा कागद बसला की गुदमरतं. कागद ओढायचा तर मुळ्या मोडतात, म्हणून एकेक पेन्सिल मोकळी करत बसायचं. तासभरात हातरुमालाएवढी जागा होते. पहिल्या दिवशी माझी एक चप्पल चिखलाने घेतली ती अजून तिथेच आहे. चिखलातले निवट्या मासे त्यावर बसत असतील.

2022 ला ठाणे खाडी रामसर यादीत (पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेली तेव्हा वाटलं आता काहीतरी होईल. थर्माकोल येतोच आहे. पण मागच्या फेब्रुवारीत आम्ही साफ केलेल्या पट्ट्यासमोर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरले होते, शंभरेक तरी. आम्ही बावळटासारखे पोती हातात धरून उभे. कोणीही फोन काढला नाही, हात इतके घाण होते.

मिनी_सीशोर

हे वाचून मी जरा नरमले. जरा.

गमबूट_नंबर_नऊ

तलावातला गाळ काढायलाच हवा, त्यात वाद नाही. रीतसर परवानगी घेऊन काढा, रातोरात भराव नको, एवढंच म्हणणं आहे.

ठाणे_पश्चिम_सखी

रविवारी कुठे जमता? मुलीला घेऊन आलं तर चालेल का, आठवीत आहे. आणि नंतर मामलेदार मिसळ असते का असा तिचा प्रश्न.

गमबूट_नंबर_नऊ

चालेल. असते. मध्यम तिखट सांगा तिला, पहिल्याच वेळी शौर्य नको.

नौपाडेकर

मध्यम पण मध्यम नसते तिथली.

येऊर_वारी

छोटंसं. ऑक्टोबर संपता संपता आम्ही येऊरच्या एका ओहोळावर वनराई बंधारा घातला होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची आणि विटांसारखे सांधे मोडत रचायच्या. आम्ही सगळे आयटीवाले, गोण्या गच्च भरल्या. पाड्यावरचे एक दादा बघत होते. म्हणाले, चारातले तीन हिश्शे भरा, मग गोणी दबून एकमेकीत बसेल, गच्च गोणीच्या फटीतून पाणी पळतं. सगळ्या परत सोडल्या. तोंड शिवायचं राहिलं ते वेगळंच. पाणी मात्र फेब्रुवारीपर्यंत टिकलं.

एक_पामर

आम्ही रस्त्याच्या कडेला 60 झाडं लावली होती. जगली 4. फोटो 200 आहेत.

सुगरण_नाही_मी

60 पैकी 4 म्हणजे बरेच की. कुठली जगली?

एक_पामर

करंज 3, आणि एक आम्ही लावलंच नव्हतं, पिंपळ. ते आपोआप आलं.

माहेर_अलिबाग

परत आले. काय लिहिणार होते विसरले. हां, चौदा_शून्य_तीन, ताक किती दिवसांचं? फ्रीजमधलं चालेल?

चौदा_शून्य_तीन

जे सासूबाईंना द्यायला लाज वाटेल ते.

वाफाळता_चहा

सगळ्यांचं वाचतेय, ऑफिसात असल्याने उत्तरं देता आली नाहीत. अपडेट द्यायला आले.

मावशींचं वाचून सकाळी आमच्या झाडूवाल्या ताईंना विचारलं, पाणी कुठे जातं. त्यांनी झाडू खाली न ठेवता दाखवलं. जनरेटर रूमच्या बाजूला जाळी आहे, तिथून पाइप रस्त्याखालून नाल्याला. जाळीवर सात कुंड्या. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत सुशोभीकरण केलं तेव्हा ठेवलेल्या. ताई तेव्हाच वॉचमनला म्हणाल्या होत्या, तो म्हणाला कमिटीने ठेवल्यात.

सुशोभीकरण कमिटीत तिघी होतो. कुंड्यांची जागा मी ठरवली होती.

नौपाडेकर

काकांनी दम दिला असता.

वाफाळता_चहा

हो ना. पाच हलवल्या, दोन जड आहेत, संध्याकाळी वॉचमन आणि तिसरा मजला मदतीला येतायत. पहार आहे का कोणाकडे घोडबंदरला? जाळी गंजून बसलीये. आत्ता कोरडं आहे, नियमावली, काळजी नसावी.

चौदा_शून्य_तीन

आमच्याकडे आहे. अळ्यांच्या काळात घेतली होती, कशासाठी ते विचारू नका. सातनंतर गेटवर या.

मिनी_सीशोर

इकडे वाशीत पुन्हा जोर धरलाय. कोणी भरती बघितली का उद्याची? गाडी खाली आहे.

सुगरण_नाही_मी

कॅलेंडर माझ्या हातात आहे!! उद्या द्वितीया. दोन गुणिले पाऊण. दीड.

गमबूट_नंबर_नऊ

ॲप 1.42 म्हणतंय. 4.7 मीटर.

करावेकर

अमावास्येनंतरची द्वितीया आहे, मोठं उधाण. गाडी आज रात्रीच वर काढा, बाय.